वाचक विचारतात : ‘मेट्रोपोलिस’ एकच, मग डबे निरनिराळे का?

मुंबईच्या भुयारी मेट्रोवरील लेखानंतर नाशिक शहर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. बहुतेकांचे प्रश्न गाडीबद्दलच आहेत. डबे कोण बनवते, शहरागणिक त्यांत काय बदलते, बिघडते काय आणि का, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : चेन्नई, कोची, लखनौ आणि मुंबईची ॲक्वा लाइन, या चारही ठिकाणच्या गाड्या ‘मेट्रोपोलिस’ आहेत असे वाचले. फोटोत मात्र एकीचा चेहरा दुसरीला मिळत नाही. मग नाव एक कसे? आणि एका शहरात डबे कमी पडले तर दुसऱ्या शहरातून आणता येतात का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक रोड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : नाही, आणता येत नाहीत. मेट्रोपोलिस हे एका ठरावीक गाडीचे नाव नाही, ते डब्यांचे एक घराणे आहे. फ्रान्सच्या अल्स्टॉम कंपनीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आणले. वॉर्सा आणि सिंगापूर ही त्याची सुरुवातीची गिऱ्हाइके. पुढे बुडापेस्ट, ॲम्स्टरडॅम, पनामा, सिडनी, दुबई अशी यादी वाढत गेली.

मेट्रो बांधताना आधी मार्ग ठरतो. वळण किती तीव्र, बोगदा किती रुंद, फलाट किती लांब, वीज कुठली, एका आसावर किती टन भार चालेल, हे सगळे निविदेत लिहिलेले असते. कंपनी आपल्याकडचा तयार साचा त्या मापात बसवून देते. बोगीची (म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीची) मूळ रचना, मोटरला वीज पुरवणारे इन्व्हर्टर, गाडीभर फिरणारे संगणकीय जाळे आणि ब्रेकचे तर्कशास्त्र हे घराण्यात थोड्याफार फरकाने सारखे राहते. सांगाड्याची रुंदी, दारांची संख्या, वीज घेण्याची पद्धत, डब्यांची संख्या आणि चेहरा मात्र दर शहरात वेगळा. चेहऱ्याचे विशेष काही नसते. तो फायबरचा मुखवटा असतो आणि धडकेचा जोर शोषणारे खरे भाग त्याच्या मागे असतात. त्यामुळे फोटोवरून नाते ओळखू पाहाल तर फसाल.

आता आपल्याकडचे प्रकार पाहू. चेन्नईची पहिली ऑर्डर २०१०ची, चार डब्यांच्या ४२ गाड्यांची. त्यांतील पहिल्या नऊ ब्राझीलमध्ये बनल्या, उरलेल्या आंध्र प्रदेशातील श्रीसिटीच्या कारखान्यात. वीज डोक्यावरच्या तारेतून, २५ हजार व्होल्ट एसी. लखनौची गाडीही चार डब्यांची आणि त्याच विजेवर चालणारी. कोचीची तीनच डब्यांची, २५ गाड्यांचा ताफा, आणि वीज शेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट डीसी. मुंबईच्या तिसऱ्या मार्गावर, म्हणजे ॲक्वा लाइनवर, आठ डब्यांच्या ३१ गाड्या, म्हणजे २४८ डबे, पुन्हा २५ हजार व्होल्ट एसी. पुण्याच्या हिंजवडी–शिवाजीनगर मार्गासाठी बनलेल्या २२ गाड्या तीन डब्यांच्या आणि ७५० व्होल्टच्या, म्हणजे कोचीच्या जवळच्या नात्यातल्या. सिडनीच्या सहा डब्यांच्या, चालकाशिवाय धावणाऱ्या गाड्याही श्रीसिटीतच बनल्या.

अदलाबदल का जमत नाही, हे रुंदीवरून चटकन कळेल. चेन्नईचा डबा सुमारे २.९ मीटर रुंद आहे, मुंबईच्या तिसऱ्या मार्गावरचा सुमारे ३.२ मीटर. मुंबईचा डबा चेन्नईत नेला तर दोन्ही बाजूंना १५–१५ सेंटिमीटर जास्त होऊन तो फलाटाला घासेल. चेन्नईचा मुंबईत आणला तर दार आणि फलाट यांच्यामधली फट तेवढ्याने वाढेल, आणि त्या फटीत लहान मुलाचा पाय सहज जाईल. शिवाय सिग्नलची संगणकपेटी प्रत्येक मार्गाची स्वतंत्र असते. ती बदलायची म्हणजे चाचण्या आणि सुरक्षा आयुक्तांची मंजुरी पुन्हा पहिल्यापासून.

एकाच गाडीतले डबेही सारखे नसतात. कोचीच्या गाडीत दोन टोकांना चालककक्ष आणि मोटरी असलेले डबे, म्हणजे डीएमसी, आणि मध्ये मोटर नसलेला ट्रेलर, म्हणजे टीसी. तीनपैकी दोन डबे ओढणारे. मुंबईच्या तिसऱ्या मार्गावर हे प्रमाण ७५ टक्के आहे, म्हणजे आठांत सहा. स्थानके जवळजवळ असताना दर मिनिट-दीड मिनिटाला गाडी शून्यातून वेगात आणायची असते. ओढणारी चाके जास्त असली की ती घसरण्याचा धोका कमी होतो आणि एखादी मोटर बंद पडली तरी गाडी स्थानकापर्यंत पोहोचते. आतले डबे एकमेकांना अर्धकायम कपलरने जोडलेले असतात. ते सोडवायचे काम डेपोतच होते, स्थानकावर नाही.

प्रश्न : काही मेट्रोंना वर पेंटोग्राफ असतो, काहींना नसतो. दोन्हींत चांगले कोणते?
— सातपूर औद्योगिक वसाहतीतील एक इलेक्ट्रिशियन

पेंटोग्राफ म्हणजे डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा. वर सांगितलेल्या गाड्यांत तो असलेल्या २५ हजार व्होल्टच्या, नसलेल्या तिसऱ्या रुळावरच्या ७५० व्होल्टच्या. एक साधे गणित मांडू. समजा गाडीला वेग घेताना २ मेगावॉट लागतात. २५ हजार व्होल्टवर त्यासाठी ८० अँपिअर पुरतात. ७५० व्होल्टवर तेवढ्याच कामाला सुमारे २,६७० अँपिअर ओढावे लागतात. बाकीचे सगळे फरक या एका आकड्यातून निघतात.

कमी व्होल्टेजवर प्रवाह प्रचंड, म्हणून तारेऐवजी जाडजूड रूळ लागतो. बहुधा तो ॲल्युमिनियमचा असतो आणि घासणाऱ्या बाजूला स्टेनलेस स्टीलची पट्टी असते. व्होल्टेज वाटेत पडते म्हणून दर दीड-दोन किलोमीटरला उपकेंद्र लागते. २५ हजार व्होल्टवर उपकेंद्रे बरीच लांब लांब ठेवता येतात. मात्र ती वीज थेट मोटरला देता येत नाही. पेंटोग्राफनंतर व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर, मग काही टन वजनाचा ट्रान्सफॉर्मर, मग एसीचे डीसी करणारा कन्व्हर्टर आणि शेवटी इन्व्हर्टर, एवढा सगळा पसारा डब्याखाली आणि छतावर वाहून न्यावा लागतो. ७५० व्होल्टच्या गाडीत ट्रान्सफॉर्मर नाही. वीज बोगीवरच्या शूमधून, म्हणजे तिसऱ्या रुळाला घासत जाणाऱ्या तुकड्यातून, येते आणि फ्यूज, द्रुतगती ब्रेकर व फिल्टर यांतून इन्व्हर्टरकडे जाते. ही गाडी हलकी असते. वर तार नसल्यामुळे बोगदा लहान चालतो आणि उन्नत मार्गावर खांबांची गर्दीही होत नाही. सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअरचे काम करणाऱ्यांना यांतले ब्रेकर ओळखीचे वाटतील. मात्र डीसीचा प्रवाह तोडायला अधिक कठीण, कारण एसीसारखा तो शून्यातून जात नाही, ठिणगी ताणून, थंड करून विझवावी लागते.

दोन विजांमधला फरक नाशिककरांना नवा नाही. मुंबईकडे १,५०० व्होल्ट डीसी आणि आपल्या बाजूला २५ हजार व्होल्ट एसी असे असताना इगतपुरीला इंजिन बदलण्यासाठी गाड्या थांबत.

आता बिघाड. तारेखालच्या गाडीत पेंटोग्राफवरची कार्बन पट्टी झिजते किंवा तिचा टवका उडतो. पट्टी दर तपासणीत मोजावी लागते, कारण टवका उडालेली पट्टी किलोमीटरच्या किलोमीटर तार खरवडू शकते. दुसरा शत्रू मांजा. येवल्याच्या संक्रांतीची मजा आपल्याला प्रिय असली तरी नायलॉनचा मांजा तारेवर लोंबला की ओला होऊन किंवा त्यात पक्षी अडकून शॉर्टसर्किट होते, आणि मांजाला धातूचा मुलामा असेल तर पतंग उडवणाऱ्याच्या जिवावरच बेतते. तिसऱ्या रुळाच्या मार्गावर क्रॉसिंगपाशी रूळ तोडावाच लागतो. शू गाडीच्या लांबीवर पसरलेले असतात, म्हणून एक शू फटीवर असला तरी दुसरा वीज घेत राहतो. गाडी नेमकी वाईट जागी थांबली तर मात्र ती अडकते. आणि हा रूळ जमिनीलगत असतो, म्हणून कर्मचाऱ्यांनी वीज बंद झाल्याचे सांगितल्याशिवाय प्रवाशाने डब्यातून मार्गावर कधीही उतरू नये.

ब्रेक लावताना मोटरी जनित्रासारख्या चालून वीज परत देतात. २५ हजार व्होल्टच्या मार्गावर ती सहज ग्रिडकडे जाते. ७५० व्होल्टवर मात्र जवळपास वेग घेणारी दुसरी गाडी नसेल आणि उपकेंद्रात वीज उलटी पाठवणारे इन्व्हर्टर नसेल, तर ती रोधकात (रेझिस्टरमध्ये) जाळून टाकावी लागते. आमचे मत विचाराल तर भुयारी आणि लांब मार्गाला तार, छोट्या उन्नत मार्गाला तिसरा रूळ. पण शहरात आधीच एक मार्ग असेल तर दुसऱ्यालाही तीच वीज घ्यावी. हा मुद्दा निविदा काढणाऱ्यांकडून वारंवार सुटतो आणि मग एकाच शहरात दोन डेपो, दोन भांडारे आणि दोन प्रकारचे तंत्रज्ञ पोसावे लागतात.

प्रश्न : नाशिकच्या मेट्रो निओसाठी मेट्रोपोलिसचे डबे येतील का?
— ज्येष्ठ नागरिक, गंगापूर रोड

नाही, कारण त्या आराखड्यात रूळच नाहीत. २०२१-२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली होती. आराखड्यातली गाडी म्हणजे रबरी चाकांची, १८ किंवा २५ मीटर लांबीची, सांधेजोड विजेची बस, उन्नत मार्गावरून धावणारी. वीज तिला डोक्यावरच्या तारांतून मिळते. तारा दोन लागतात. लोखंडी चाकांच्या गाडीत वीज वरून येते आणि चाकांतून रुळावाटे परत जाते. रबर वीज वाहत नाही, म्हणून परतीसाठी दुसरी तार आणि छतावर दोन दांडे. तारेवरून दांडा निसटणे हा अशा गाड्यांचा नेहमीचा आजार. म्हणून काही अंतर तारेशिवाय जाता येईल एवढी बॅटरी गाडीतच ठेवतात.

चढ आणि आवाज या बाबतीत रबरी चाक सरस आहे. क्षमता आणि विजेचा खर्च यांत लोखंडी चाकाला तोड नाही, कारण लोखंडावर लोखंड फिरताना होणारा विरोध रबराच्या मानाने फारच थोडा असतो. नाशिकने कोणताही पर्याय घेतला तरी एक आग्रह धरावा : गाडी राज्यातल्या दुसऱ्या एखाद्या मार्गाशी मिळतीजुळती असावी. आज घाटकोपर–वर्सोवा मार्गावर चिनी बनावटीच्या गाड्या आहेत, मुंबईच्याच ‘२ अ’ आणि ‘७’ या मार्गांवर बीईएमएल कंपनीच्या, तिसऱ्या मार्गावर अल्स्टॉमच्या, नागपुरात पुन्हा चिनी पण वेगळ्या कारखान्याच्या, आणि पुण्याच्या पहिल्या दोन मार्गांवर टीटागढ कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या. यांतला एकाचा सुटा भाग दुसऱ्याला क्वचितच लागू होतो.

प्रश्न : स्थानकात दार लागते, पुन्हा उघडते, पुन्हा लागते, आणि गाडी हलत नाही. एका दारासाठी सगळी गाडी का अडवतात?
— नोकरीनिमित्त मुंबईला जाणाऱ्या एक वाचक, इंदिरानगर

आठ डब्यांच्या गाडीत दोन्ही बाजू धरून ६४ दारे असतात. प्रत्येक दाराला स्वतःची मोटर आणि स्वतःचा छोटा संगणक असतो. दार पूर्ण लागले आणि कुलूप बसले, हे सांगणारे स्विच एकामागून एक अशा एकाच सर्किटमध्ये ओवलेले असतात. त्यांतला एक जरी उघडा राहिला तरी मोटरींना वीज मिळत नाही. ही रचना मुद्दाम अशी आहे, कारण तार तुटली तरी परिणाम गाडी थांबण्याचाच व्हावा.

दाराचे पट मिटताना मध्ये काही आले की मोटरचा प्रवाह वाढतो. संगणक ते ओळखतो, पट थोडे मागे घेतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. ठरावीक प्रयत्नांनंतर, साधारणतः तीन, दार उघडेच राहते आणि चालकाच्या पडद्यावर त्याचा क्रमांक दिसतो. मग कर्मचारी येऊन उंबऱ्याची खाच पाहतो. तिथे खडा, नाणे, गुटख्याची पुडी, बाटलीचे झाकण असे काहीतरी सापडते. ते निघाले की दार लागते. नाही लागले तर तो हाताने पट मिटवतो, चौकोनी किल्लीने कुलूप लावतो आणि ते दार सर्किटमधून बाजूला काढतो. लाल खूण दिसते आणि गाडी निघते. मात्र त्या दारातून पुढे चढ-उतार होत नाही.

कचऱ्याखालोखाल मोठे कारण गर्दीचे. आतली माणसे पटाला टेकून उभी राहिली की पट खाचेवर दाबला जातो, घर्षण वाढते आणि संगणकाला अडथळा आल्यासारखे वाटते. तिसरे कारण देखभालीचे : पट्टा सैल होणे, स्विचचे अंतर एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने सरकणे, रबरी कडा फुगणे. या कडा बहुधा ईपीडीएम रबराच्या असतात आणि त्यांना खनिज तेलाचे ग्रीस लागले की त्या फुगतात. तिथे सिलिकॉनचेच वंगण हवे. भुयारी मार्गावर फलाटालाही काचेची दारे असतात. तिथे गाडी साधारण ३० सेंटिमीटरच्या आत नेमकी थांबावी लागते, नाहीतर कोणतीच दारे उघडत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अडथळा ओळखण्याची ही यंत्रणा हात, बॅग, पाय ओळखते. साडीचा पदर, ओढणी, बॅगेचा पातळ पट्टा तिला कळेलच असे नाही, कारण रबरी कडांमध्ये तेवढी जाडी मावून जाते आणि दार लागल्याचा संदेश जातो. दिल्लीच्या इंद्रलोक स्थानकावर डिसेंबर २०२३मध्ये कपडे दारात अडकून एका महिलेचा जीव गेला. चढताना-उतरताना पदर खोचून घ्या, ओढणी पुढे घ्या, आणि दार लागण्याची सूचना सुरू झाली की पाऊल पुढे टाकू नका. कुणाचे वस्त्र अडकलेले दिसले तर डब्यातले आपत्कालीन बटण दाबा. फलाटावर असाल तर तिथले गाडी थांबवण्याचे बटण. उगाच दाबले म्हणून दंड होईल अशी भीती अशा वेळी बाळगू नका.

प्रश्न : मेट्रोचे चाक किती दिवस टिकते? कधीकधी खालून ‘टक टक’ असा आवाज येतो, तो कसला?
— लेथवर काम करणारे एक वाचक, अंबड

दिवसांपेक्षा मिलिमीटर महत्त्वाचे. भारतातल्या बहुतेक मेट्रोंत नव्या चाकाचा व्यास ८६० मिलिमीटर असतो आणि ७८० पर्यंत झिजले की ते बाद होते. म्हणजे वापरायला व्यासात ८० मिलिमीटर. नुसत्या धावण्याने त्यांतले थोडेच जातात. बाकीचे कापले जातात लेथवर.

टक टक म्हणजे चाकावर पडलेली सपाट जागा. ब्रेक लागला, चाक फिरायचे थांबले, गाडी मात्र घसरत राहिली, की तेवढा भाग घासून सपाट होतो. उन्नत मार्गावर पहिल्या पावसात हे जास्त होते, कारण धूळ आणि थोडे पाणी मिळून रुळावर निसरडा थर तयार होतो. चांगला धो-धो पाऊस झाला की थर धुऊन जातो. घसरण टाळायला प्रत्येक आसाचा वेग मोजून, घसरणाऱ्या आसाचा ब्रेक क्षणभर सोडणारी यंत्रणा असते. तिचा एखादा संवेदक बिघडला की सपाट चाके त्याच डब्यात वारंवार दिसू लागतात. मेंटेनन्सवाल्यांनी चाकाऐवजी तो संवेदक आधी तपासावा.

डेपोत खड्ड्यातला लेथ असतो. चाक काढावे लागत नाही, गाडीच लेथवर आणून उभी करतात आणि दोन्ही चाके एकत्र तासतात. तीव्र वळणांच्या मार्गावर चाकाची कड, म्हणजे फ्लँज, पातळ होते. तिची जाडी परत मिळवायची तर व्यासातले बरेच मिलिमीटर द्यावे लागतात. म्हणून वळणांवर वंगण देण्यातला आळस थेट चाकांच्या बिलात दिसतो. एका बोगीतल्या चाकांच्या व्यासात फार फरक ठेवत नाहीत, नाहीतर समान वेगाने फिरू पाहणाऱ्या मोटरींत भार असमान वाटला जातो.

तासल्यानंतर दोन कामे विसरता कामा नयेत. पहिले, उंची. चाक ८६०चे ७८० झाले की डबा ४० मिलिमीटर खाली बसतो आणि फलाटाशी पायरी तयार होते, म्हणून स्प्रिंगांपाशी पॅकिंगच्या चकत्या घालून डबा उचलतात. दुसरे, संगणकात नवा व्यास भरणे. वेग आणि अंतर दोन्ही चाकाच्या फेऱ्यांवरून मोजले जाते. नवे ८६०चे चाक बसवले आणि संगणकात ७८०च राहिले, तर पडद्यावर ताशी ८० किलोमीटर दिसताना गाडी खरी ८८ने धावत असते. उलट चूक झाली तर खरा वेग ७३च्या आसपास राहतो. पहिली चूक धोक्याची, दुसरी उशिराची, आणि दोन्हींत गाडी फलाटावर ठरल्या जागी थांबत नाही.

प्रश्न : चालकाशिवाय धावणारी मेट्रोपोलिस आपल्याकडच्या गाडीहून वेगळी असते का?
— दहावीतील विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प

सांगाडा, बोगी, मोटर यांत विशेष फरक नाही. सिंगापूरच्या नॉर्थ ईस्ट मार्गावर २००३पासून आणि सिडनीत २०१९पासून त्या धावत आहेत. अशा गाडीत चालकाचे टेबल कुलूपबंद झाकणाखाली असते. पुढच्या बोगीपुढे अडथळा ओळखणारी दांडी असते, ती कशाला लागली की ब्रेक आपोआप बसतो. नियंत्रण कक्षाला डब्यातले दिसावे म्हणून कॅमेरे जास्त, बोलण्याची बटणे जास्त. सर्वांत मोठा फरक दिसत नाही : चालक हाताने ज्या वीस गोष्टी बंद-चालू करतो, त्या दुरून करता याव्यात म्हणून गाडीचा मुख्य संगणक आणि त्याची वायरिंग दुहेरी असते. मुंबईच्या तिसऱ्या मार्गावरच्या गाड्या याच तयारीने बनल्या आहेत. सध्या तिथे चालक असतो.

प्रश्न : दिल्लीची ‘मोव्हिया’ याच घराण्यातली का?
— वाचक, सिन्नर

जन्माने नाही. मोव्हिया बॉम्बार्डिए कंपनीची. जानेवारी २०२१मध्ये अल्स्टॉमने बॉम्बार्डिएचा रेल्वे विभाग विकत घेतला, तेव्हापासून दोन्ही घराणी एका मालकाकडे आली. मोव्हियाचे डबे गुजरातेतील सावली या गावच्या कारखान्यात बनतात. कानपूर-आग्रा आणि भोपाळ-इंदूरच्या तीन डब्यांच्या, तिसऱ्या रुळावरच्या गाड्या तिथल्याच.

प्रश्न : पावसाळ्यात डब्याच्या छतातून पाणी ठिबकते. छत गळते का?
— वाचक, पंचवटी

बहुधा ते पावसाचे पाणी नसते. छतावर वातानुकूलनाची सहसा दोन यंत्रे असतात. दमट हवेतले पाणी त्यांच्या थंड नळ्यांवर साचते आणि निचऱ्याच्या नळीने खाली जाते. नळीत धुळीचा गाळ अडकला की यंत्रातले पाणी साठवणारे ताट भरून पाणी जाळीतून डब्यात येते. दारे सतत उघडी राहिली की आत येणारी दमट हवा वाढते आणि पाणीही वाढते. उपाय साधा आहे : पावसाळ्याआधी निचऱ्याच्या नळ्या हवेच्या दाबाने फुंकून घेणे आणि फिल्टर वेळेवर धुणे. ठिबकण्याची जागा यंत्राच्या जाळीखाली नसून दाराच्या वरच्या पट्टीपाशी असेल, तर मात्र दाराचे रबर तपासायला हवे. तक्रार करताना डब्याचा क्रमांक आणि ठिबकण्याची नेमकी जागा कळवा. डब्याचा क्रमांक आत लिहिलेला असतो, आणि तो नसेल तर डेपोतल्या माणसाला सगळी गाडी शोधत बसावे लागते.